जवशी

राखाडी म्हणावं, तर राखेचा कोरडेपणा त्यात नव्हता.

निळाही नव्हे.

जांभळा तर नाहीच. जांभळी कोंबडी कोणी पाहिली आहे?

पारव्याच्या मानेसारखा म्हणावं, तर पारवा चमकतो. हा रंग चमकत नसे. पाठीवर ऊन पडलं की ते तिथंच मुरायचं.

गुंजननं पहिली जोडी खोक्यात घालून नागपूरहून बसनं आणली, तेव्हा आंजी गावातल्या त्या अंगणात ह्या रंगाला नाव नव्हतं. विकणाऱ्यानं लॅव्हेंडर म्हणून सांगितलं होतं. गुंजनच्या बापाच्या, रूपरावच्या, जिभेवर ते बसेना. तो वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर लावणारा माणूस. त्याला रंग पिकांतून कळत. त्यानं कोंबडा उजेडात धरला, पिसांवर फुंकर घालून पाहिली आणि म्हणाला, हे तर जवसाचं फूल आहे. सकाळचं. दुपारी पाकळ्या गळतात, त्याच्या आधीचं.

तेव्हापासून जवशी.

*

गावाला तो रंग पटला नाही. बायका म्हणत, धुऊन धुऊन विटलेल्या लुगड्यासारख्या दिसतात. आजारी वाटतात. पानठेल्यावर रूपरावला रोज नवा टोला बसे.

"काय रूपराव, कोंबड्या निळीत बुचकळून काढल्या म्हणते?"

"काऊन, तुले बुचकळाचं हाय का?"

गुंजन हसायची. ती बी.एस्सी. होऊन घरी बसली होती, म्हणजे लोकांच्या मते बसली होती. पहाटेपासून ती उभीच असायची. कोणता कोंबडा कोणत्या कोंबडीजवळ सोडायचा, कोणती अंडी कोणत्या खुडूक कोंबडीखाली ठेवायची, कोणत्या पिलाच्या पायात कोणता दोरा. गावठी खुडूक कोंबड्या ही जवशी अंडी बिनतक्रार उबवत आणि निघालेल्या परक्या रंगाच्या पिलांना घेऊन अंगणभर मिरवत. तिची आई कोकिळा तेवढी त्या सगळ्याकडे पाठ करून असे. कोंबड्यांनी तिची मेथी दोनदा उकरली होती.

*

आधी सगळ्यांना कडकनाथ हवा होता. हाडापर्यंत काळा. मग ज्याच्या त्याच्या शेडमध्ये कडकनाथच झाला आणि घेणारं कोणी उरलं नाही.

मग उलट्या पिसांची कोंबडी.

मग डोक्यावर झुपका असलेली. तिला त्या झुपक्यामुळं समोरचं दिसत नाही, ती भिंतीला धडकते, आणि धडकते म्हणूनच लोकांना आवडते.

मग कापसासारखी मऊ.

मग जवशी.

गुंजन म्हणायची, कपड्यांच्या दुकानासारखंच आहे बाबा. फक्त आपला माल दाणे खातो.

*

तिच्या व्हिडिओंखाली लोक लिहीत:

ताई कलर ओरिजिनल आहे की फिल्टर?

अंडी कुरिअरनं येतील का

आमच्या फार्महाऊसच्या कंपाउंडला सेम हाच पेंट आहे. माद्या पाहिजेत. नर नको, ओरडतो.

खायला कशी लागते?

ह्या शेवटच्याला गुंजननं उत्तर दिलं होतं. तुम्ही फूल तोडून खाता का दादा?

एकदा वर्ध्याहून एक जोडपं आलं, लग्नाआधीचे फोटो काढायला. नवरीच्या लेहंग्याला कोंबडा मॅच होत होता. तिनं तो कडेवर घेतला. कोंबड्यानं लेहंग्यावर घाण केली. नवरी रडली, नवरा हसला, मग नवरी नवऱ्यावर चिडली. गुंजन आठवडाभर ते आठवून आठवून हसत होती. जेवताना ठसका लागेपर्यंत.

*

अश्विनात तिला ताप आला.

*

डेंग्यू निघाला. दवाखान्यात सुरुवातीला ती उशीला टेकून बसत होती. तिनंच बापाला घरी पाठवलं. आईचं कोंबड्यांशी पटत नाही, तुम्ही नाही गेलात तर त्या उपाशी मरतील, म्हणाली. म्हणून रूपराव आला. येताना गावदेवीच्या, मातामायच्या, पारापाशी थांबला, पोरगी उठून घरी येऊ दे, काळी कोंबडी देईन, असं बोलला. घरी येऊन दाणे टाकले, पाणी बदललं, अंडी उलटी करून ठेवली. दुपारी फोन आला तेव्हा त्याच्या हाताला कोंडा लागलेला होता.

शेवटी तिच्याजवळ कोकिळा होती. रूपराव नव्हता.

तेरवी झाल्यावर त्यानं एकदाच विचारलं, काही बोलली का. कोकिळा भांडी घासत होती. तापात होती, म्हणाली. त्यानं पुढं विचारलं नाही. तिनं पुढं सांगितलं नाही. तो दिवस दोघांनी घरातल्या एका खोलीसारखा बंद केला, आणि किल्ली कोणाकडे आहे हे दोघांनाही ठाऊक होतं.

*

कोंबड्या मात्र अंडी देतच राहिल्या.

रूपरावनं विक्री बंद केली. व्हिडिओ कोण करणार? फोन यायचे, तो म्हणायचा, ते बंद झालं. हळूहळू फोनही कमी झाले. लोकांना आता चॉकलेटी रंग हवा होता. त्याचं त्याला काही नव्हतं. त्याला एवढंच हवं होतं की सकाळी खुराडं उघडलं की जवशी रंग बाहेर यावा आणि अंगणात पसरावा. ती जशी सोडून गेली तसा. त्यात दुसऱ्या कोणाची कोंबडी नाही, दुसऱ्या कोणाचा कोंबडा नाही. भाऊ-बहीण, बाप-लेक, जे होतं ते त्यानं आपसातच लावलं.

पौषात पिसं फाटू लागली.

पिसाचे धागे एकमेकांना धरेनात. शेपट्या जुन्या खराट्यासारख्या झाल्या. पिलं अर्धी उघडी, थंडीनं एकमेकांवर चढून बसत आणि खालची मरत. अंडी फुटेनात. माघ संपताना एक कोंबडा आणि म्हाताऱ्या कोंबड्या तेवढ्या उरल्या.

नालवाडीला जया राहते. गच्चीवर रंगीत कोंबड्या पाळते. आधी गुंजनची गिऱ्हाईक होती, मग मैत्रीण झाली. तिनं फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की काका, रक्त बदलायला हवं. एकदा काळी टाका. पिसं सुधारतील.

रूपरावनं फोन ठेवून दिला. गुंजनच्या कोंबड्यांत गावची काळी कोंबडी घालायची म्हणजे

त्या वाक्यापुढं तो फाल्गुन अर्धा होईपर्यंत गेला नाही.

मग म्हाताऱ्या कोंबड्याही एकेक करून मेल्या, आणि त्यानं शेजारच्या धुरपताबाईच्या काळ्या कोंबड्या, पिलं सुटी झाली की परत द्यायच्या बोलीवर, मागून आणल्या. जवशी कोंबडा त्यांच्यात सोडला.

काळी टाकल्यावर पुढं काय होतं ते जयानं सांगितलं नाही. गुंजनच्या बापाला ते ठाऊक असणारच, असं तिला वाटलं.

*

पिलं निघाली. काळी.

पोटाशी पांढुरकी, बाकी काळी. झाडून सगळी.

रूपराव घाबरला नाही. पिलाचं पहिलं पीस खोटं असतं, खरं मागून येतं, एवढं पोरीकडून त्यानं ऐकलं होतं. तो रोज सकाळी एकेक पिलू उचलून पंखाखाली पाहू लागला. मानेवर पाहू लागला. कुठं तरी जवस उमलेल.

वैशाखात कोंबडा गेला. जाळीला ओलं पोतं टांगलं होतं, पाण्यात गूळ घातला होता. तरी दुपारी मान टाकलेली दिसली. आंजीत कोणी मेलेला कोंबडा पुरत नाही. रूपरावनं वांग्याच्या वाफ्याच्या कडेला खड्डा केला. शेजारच्या शेताच्या धुऱ्यावरून कोणी तरी हाक मारून विचारलं, काय लावून राह्यला रूपराव? तो माती ओढत राहिला.

ज्येष्ठात पिलांना खरी पिसं आली. ती पहिल्यापेक्षा काळी होती. उन्हात हिरवी झाक मारणारी, घट्ट, एकही धागा न सुटलेली. गावातल्या कुठल्याही अंगणात सापडतील अशा धडधाकट काळ्या कोंबड्या.

म्हणजे रंग बुडाला. त्यानं स्वतःच्या हातानं तो बुडवला होता, परकी कोंबडी घालून.

एका सकाळी त्यानं पिलं उचलून पाहायचं सोडून दिलं.

*

आषाढ लागला की ह्या भागात काळ्या कोंबडीला भाव येतो. आखाडीला मातामायला द्यायची कोंबडी काळी लागते, आणि काळी म्हणजे निव्वळ काळी. एक पांढरं पीस निघालं तरी चालत नाही. म्हणून घेणारे कोंबडी उलटी धरतात, पिसं बोटांनी फाकवतात, फुंकर घालतात, कातडीपर्यंत पाहतात.

रूपरावच्या अंगणात तशी रीघ लागली. लोक फुंकर घालत होते. पंख ताणून पाहत होते. शेपटीखाली, मांडीआड, बोटं खुपसून दुसरा रंग शोधत होते.

नाही सापडला कोणाला.

निव्वळ काळा माल हाय, म्हणाले. असा हल्ली मिळत नाई.

ज्यानं मागितली त्याला त्यानं दिली. धुरपताबाईही आली, तिच्याच कोंबड्यांची पिलं, तिला तर त्यानं निवडू दिली. शेवटची गेल्यावर खुराड्याचं दार उघडंच राहिलं होतं. कोकिळानं उठून ते लावलं. गुंजन गेल्यापासून ती पहिल्यांदाच तिथवर गेली होती.

*

आखाडीच्या दुपारी जया गाडीवरून आली. आधी न सांगता, मागं जाळीचा पिंजरा बांधून. रूपराव बाजेवर पडला होता. ती चहा नको म्हणाली, पाणी प्यायली, गुंजनच्या फोटोपुढं उभी राहिली. मग म्हणाली, काका, काळी पिलं दाखवा. मोठी झाली असतील ना आता?

त्यानं सांगितलं, विकली.

"किती?"

"सारीच."

जयाला आधी वाटलं तो थट्टा करतोय. मग तिनं खुराड्याकडे पाहिलं.

तिनं जे सांगितलं ते रूपरावला दोनदा ऐकावं लागलं. जवशी रंग काळ्यापुढं एक पिढी लपतो. दिसत नाही, पण जात नाही. त्या काळ्या कोंबड्यांपैकी प्रत्येकीत तो होता. त्याच भावा-बहिणींना आपसात एकदा लावलं असतं, तर पुढच्या खेपेला काळ्यांबरोबर जवशी पिलंही निघाली असती. आणि ह्या वेळी चांगल्या, घट्ट पिसांची. असंच करतात. तिच्या गच्चीवरचा जवशी तिनं मागेच विकून टाकला होता, चॉकलेटीच्या नादात, म्हणून तर ती मागायला आली होती. बोलता बोलता तिचा आवाज बारीक होत गेला. "मले वाटलं तुमाले माहीत हाय," असं ती दोनदा म्हणाली.

कोकिळा दारात उभी होती. हाताला कणीक होती.

"गुंजीनं सांगतलं होतं," ती म्हणाली.

रूपरावनं मान वळवली.

"दवाखान्यात. बाबाले सांगजो म्हणे, आता काळी टाका लागते. पह्यले सारे काळेच निघतीन म्हणे. इकू नका म्हणा. रंग आतमंदी राह्यते." ती एका दमात, पाठ केल्यासारखं बोलली. "मले वाटलं, तापात बडबडून राह्यली."

"आन् पिल्लं काळी निघाली तवा?"

कोकिळा हाताची कणीक चोळत राहिली. कणकेचे बारीक गोळे उंबऱ्यावर पडत होते.

"तवा आठवलं," ती म्हणाली.

*

रूपराव धावत निघाला नाही. चप्पल घातली, सदऱ्याची गुंडी लावली, आणि निघाला. आखाडीचा दिवस. गल्लीभर मसाल्याचा वास.

पहिल्या घरी पाटा-वरवंटा चालू होता. त्यानं विचारलं नाही, विचारायची गरज नव्हती. न्हाणीच्या तोंडाशी बादलीत काळी पिसं भिजत होती.

दुसऱ्या घरी त्याला जेवायलाच बसवत होते.

तिसऱ्या घरच्यांनी कोंबडी रोहण्याला, लेकीच्या सासरी धाडली होती. सकाळीच. तिथं फोन लावून पाहिला. झालं म्हणे, प्रसाद वाटून झाला.

मातामायच्या पारावर नारळाच्या शेंड्या, उदबत्त्यांच्या काड्या, हळदकुंकू, आणि पिसं. वाऱ्यानं ती कडुलिंबाच्या बुंध्याशी गोळा झाली होती. त्यानं एक उचललं. दोन्ही बाजूंनी पाहिलं. उन्हासमोर धरलं. चांगलं, घट्ट पीस होतं.

तिथून तो परत फिरला, आणि आपल्याच शेजारच्या घरात, धुरपताबाईच्या ओसरीत, त्याला ती दिसली.

बाजेच्या पायाला चिंधीनं बांधलेली. मान तिरपी करून त्याच्याकडे पाहणारी. काळी तलंग, अजून अंड्यावर न आलेली.

*

धुरपताबाईचा नैवेद्य व्हायचा होता. तिची सून, अंकिता, माहेराहून नुकतीच आली होती, आणि सुनेच्या हातूनच द्यायची कोंबडी होती. कारण नवस सुनेसाठी होता. मागच्या अश्विनात अंकिताही त्याच दवाखान्यात होती. त्याच तापानं. धुरपताबाई तेव्हा मातामायला बोलली होती, हिला घरी येऊ दे.

अंकिता घरी आली.

रूपराव बाजेवर टेकला. अंकितानं चहा आणून दिला. त्यानं हात खाली नेऊन कोंबडीच्या पाठीवर ठेवला. ती शांत बसून राहिली. माणसाची सवय असलेली होती, रोज उचलून पाहिलेली. कोकिळा काय म्हणाली, जया काय म्हणाली, हे त्यानं धुरपताबाईला थोडक्यात सांगितलं. मागायला आलोय असं तो म्हणाला नाही. पण तिला ऐकू आलं.

"गुंजीच्या रंगाची हाय ना हे?" ती म्हणाली. "मंग ने ना बाबू. मी दुसरी पाहून घेतो."

खरं तर एका तलंगेनं फार काही झालं नसतं. तिच्या जोडीचा भाऊ नव्हता. जया म्हणाली असती, जमेल काका, फिरून फिरून, दोन-तीन पिढ्यांनी, नशीब असलं तर. पण जमलं असतं. रूपरावला ते आता कळत होतं. त्याचं बोट चिंधीच्या गाठीवर होतं.

त्यानं वर पाहिलं. अंकिता सासूच्या मागं उभी होती.  तिची नजर गाठीवर होती, त्याच्या बोटावर, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते लपवायचा ती फार प्रयत्न करत होती. गुंजनच्याच वयाची. नुकती पायांना हळद लावून पाटावर बसायला निघालेली.

तो म्हणू शकला असता की माय काही ऐकत नाही काकू, मीही बोललो होतो. अंकितासमोर त्याला ते म्हणता येईना.

"नाई काकू," तो म्हणाला. "बोललेली हाय ते. राहू द्या."

"अरे पण—"

"मी असाच आलतो."

त्यानं गाठ नीट केली. सैल झाली होती. जाता जाता त्यानं कोंबडीच्या मानेवर एकदा फुंकर घातली. पिसं फाकली, आतली कातडी दिसली, आणि पिसं पुन्हा मिटली.

*

घरी आला तेव्हा जया निघून गेली होती. दिवेलागण व्हायची होती. कोकिळा चुलीपाशी नव्हती. ती उंबऱ्यावरच बसली होती, हाताची कणीक वाळून तडकली होती.

त्यानं सांगितलं, एक होती. धुरपताकाकूकडं.

"आणली नाई?"

"अंकितेची हाय."

कोकिळानं मान हलवली.  शेजारी थाळी वाजली, बायांचा आवाज आला, मंडळी मातामायकडे निघाली असावीत. रूपराव तिच्या शेजारी, उंबऱ्यावर बसला. इतक्या जवळ तो कितीतरी महिन्यांत बसला नव्हता.

"काळी निघाली तवा आठवलं, तं काऊन नाई सांगतलं?" त्यानं विचारलं. रागानं नाही.

"सांगतलं असतं, तं तुमी विचारलं असतं."

"काय?"

"आखीन काय म्हणे म्हणून."

 थाळीचा आवाज गल्लीच्या वळणापर्यंत गेला होता.

"काय म्हणे?"

कोकिळानं तळहात उघडून पाहिले.

"पाणी मांगे," ती म्हणाली. "देऊ नका, असं डाक्टरनं सांगतलं होतं. मी नाई देलं."